दुसऱ्या दाराची ग्वाही

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा कॉलेजच्या सहलीत, चपला हातात धरून, गुडघाभर पाण्यात. मी लातूरकडची, डिप्लोमा करून पोटासाठी पुण्याकडे आलेली, आणि गेली आठ वर्षं पिरंगुटच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये क्वालिटी बघते. म्हणजे वेल्डरनं केलेलं काम तपासायचं, नाक मुरडायचं, मग सही करायची किंवा काम परत पाठवायचं. माझं तोंड फाटकं आहे असं शेडमध्ये सगळे म्हणतात. माझ्या कामाला तसंच लागतं, असं मी म्हणते. अशा बाईला समुद्री चाच्यांची स्वप्नं पडावीत याचं मला अजूनही नवल वाटतं.

आमच्याकडे एरवी बनतं ते साधं: कंपन्यांचे जिने, पाण्याच्या टाक्या, शीतगृहांची दारं. मालक पिरंगुटचेच, रस्त्याकडेची थोडी जमीन विकून त्यांनी शेड टाकलेली. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांना एका मालवाहू जहाजाचं काम मिळालं. चौकटीसकट तीन पोलादी दारं. ड्रॉइंग हातात आलं तेव्हा मला वाटलं, काढणाऱ्याची काहीतरी गफलत झालीय. दाराला बाहेरून कडी नाही, मूठ नाही, कुलपाचं भोक नाही. जे काही आहे ते सगळं आतून: जाड बिजागऱ्या, तीन लोखंडी अडसर, आणि ते अडसर जिथं सरकून बसतात ती चौकटीवरची घरं.

गणपती झाल्यावर जहाजाचा चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, काम बघायला स्वतः आला. रत्नागिरीकडचा माणूस, चाळिशीचा, बोलायला गोड, पण नजर सारखी कोपऱ्याकोपऱ्यात फिरणारी. मी त्याला सरळ विचारलं, ‘‘चाचे येतात तेव्हा तुम्ही करता काय? बंदुका असतात का?’’

‘‘काही कंपन्या बंदूकवाले पहारेकरी घेतात, आमची घेत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आमचं जहाज जुनं, हळू चालणारं. माल भरला की पाण्यात इतकं खोल बसतं, की होडीतून शिडी लावली तर माणूस मिनिटभरात डेकवर येतो. म्हणून आम्ही त्यांना फक्त उशीर होईल असं बघतो.’’

चहा गार होईस्तोवर तो सांगत राहिला. धोक्याच्या टापूत शिरण्याआधी कठड्याला चहूबाजूंनी काटेरी पात्यांच्या तारेची भेंडोळी बांधायची. आग विझवायचे पाण्याचे पाइप कठड्यावर बाहेरच्या दिशेनं बांधून ठेवायचे, म्हणजे जवळ येणाऱ्या होडीत पाण्याचा लोट पडत राहील. बाहेरच्या शिड्या काढून टाकायच्या. पहारा दुप्पट करायचा. जुन्या बॉयलर सूटमध्ये, म्हणजे कामाच्या अंगभर कपड्यांत, चिंध्या भरून बुजगावणी करायची आणि ती कठड्याला उभी करायची, म्हणजे लांबून माणसं जास्त वाटतात. (आमच्या रानात डुकरांसाठी करतात तेच, असं एक वेल्डर म्हणाला आणि सगळे हसले. तो अधिकारीसुद्धा हसला.) होडी दिसली की वेग वाढवायचा, जहाज डावं-उजवं वळवत राहायचं. आणि एवढं करूनही ते वर चढलेच, तर सगळ्यांनी इंजिनच्या बाजूला एका बंद जागेत जाऊन बसायचं. तिथं पाणी, बिस्किटं, उपग्रहाचा फोन. तिथूनच इंजिन बंद करता येतं. चाच्यांच्या हाती लागतं ते नुसतं लोखंड. माणूसही नाही, चालणारं जहाजही नाही.

‘‘एकूण एक माणूस आत पाहिजे,’’ त्यानं बोट वर केलं. ‘‘एक जरी बाहेर त्यांच्या हाती ओलीस सापडला, तर मदतीला आलेली युद्धनौका काही करू शकत नाही. आणि दार टिकलं पाहिजे. आम्ही एकवीस जण आहोत, ताई. त्या वेळी आमच्यात आणि त्यांच्यात फक्त तुमचं दार असणार.’’

मी तशी कुणाच्या बोलण्यानं विरघळणारी नाही. पण पहिलं दार तयार झालं तेव्हा मी एका लोखंडी खोक्याला ते लावायला लावलं, आत बसले, अडसर सरकवले आणि म्हटलं, हाणा आता. मामांनी बाहेरून दहा-बारा घण घातले. आवाज कानात शिरत नाही, दातांत शिरतो. बाहेर येऊन बघितलं, तर दार जागचं हललं नव्हतं.

मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वेल्डर. अख्खी शेड त्यांना मामा म्हणते. जवळच्या रिहे गावचे शेतकरी, घरची भातशेती, आणि तीस वर्षं हातात वेल्डिंगची बंदूक. त्यांच्याच घरात वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते. सकाळी मी माझ्या स्कूटीवर, ते त्यांच्या मोटरसायकलवर. शेडमध्ये मी त्यांचं काम परत पाठवते आणि संध्याकाळी त्यांच्या घरचं कालवण खाते. दोघांनाही त्यात कधी वावगं वाटलं नाही.

आमच्या शेडचा एक न लिहिलेला नियम आहे. माझी तपासणी झाल्याशिवाय कामाला लाल प्रायमर लागत नाही. लाल दिसलं म्हणजे पास. गाडी भरणाऱ्यांपासून मालकांपर्यंत सगळे त्या लाल रंगावर चालतात.

तो नियम मोडला खंडेनवमीनं. त्या दिवशी शेडमध्ये मशीन, हत्यारं, तयार माल, सगळ्याची पूजा असते, आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत मशीनला कुणी हात लावत नाही. आदल्या दिवशी मालकांच्या डोक्यात आलं की जहाजाची दारं पूजेला पुढं मांडायची. ‘‘पाव्हणे येनार, गावचे लोक येनार. समुद्रात जानारी दारं हायेत ही! अशी बोडकी ठिवायची व्हय?’’

पहिलं दार पुरं झालेलं होतं. दुसऱ्याच्या बिजागऱ्या मी स्वतः तपासल्या होत्या. लाल द्रव लावून पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. भेग असली तर लाल रेघ उमटते. एकही रेघ उमटली नाही. फक्त खालच्या अडसराचं घर मशीनवाल्याकडून उशिरा आलं होतं. मामांनी माझ्यासमोर त्याला चार ठिकाणी टॅक मारले. टॅक म्हणजे शिवणीआधीचा धावदोरा, कापड जागेवर धरायला घालतात तसा. मग म्हणाले, ‘‘जेवून येतो नि पुरं करतो. तुमी जावा.’’ मला मालकांनी झेंडू आणायला पौडला पिटाळलं. तिसऱ्या दाराच्या तर बिजागऱ्याच नुसत्या टॅकवर होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं.

परत आले तर तिन्ही दारं लालेलाल. मी आरडाओरडा केला. मामा म्हणाले, ‘‘पूजेपुरतं हाय वो. दसरा झाला की तिसरं घासून पुरं करतो.’’ दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिन्ही दारांच्या बिजागऱ्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आम्ही नारळ फोडला, फोटो काढले. मी रात्रीच्या गाडीनं लातूरला गेले.

दसऱ्यानंतर मामा आले नाहीत. रिह्यात भातकापणी लागली होती, आणि भात उभं असताना मावळातला माणूस शेडला येत नसतो. मी परतले त्या सकाळी गेटवर ट्रक उभा. मी हमालांना विचारलं, तिसरं पुरं झालं का? ‘‘झालं मॅडम, रंग बघा की.’’ मी रंग बघितला आणि सही केली. बंदरात जहाजाच्या माणसांनी दारं बसवून वर त्यांचा पांढरा रंग मारला, जहाज साखर भरायला दुसऱ्या बंदरात गेलं आणि आम्ही पाण्याच्या टाक्यांना लागलो.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी वरच्या खोलीत फोन रिकामा करत बसले होते. शुभेच्छांच्या पणत्या आणि फराळाच्या चित्रांनी तो ठासून भरला होता. पुसता पुसता दोन फोटो लागोपाठ आले. एक खंडेनवमीचा. दुसरा ट्रकचा, माल भरल्याची नोंद म्हणून आम्ही काढतो तो. ट्रकमध्ये तिसरं दार वर होतं आणि त्याच्या बिजागरीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. तेच, एका बाजूला ओघळलेलं.

मला कळायला एक क्षण लागला. बिजागरी वेल्ड करायची तर आधी ग्राइंडरनं रंग घासावा लागतो. घासली असती तर स्वस्तिक राहिलंच नसतं. त्या दाराला पूजेनंतर कुणी हातही लावला नव्हता. ते टॅकवरच समुद्रात गेलं होतं, माझ्या सहीनं.

जिना कसा उतरले आठवत नाही. मामा मागं खळ्यावर भात झोडत होते. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी हात पुसले, बघितलं, पेंढी खाली ठेवली.

‘‘मी म्हटलं, तुमी आडवलं आसंल,’’ ते म्हणाले.

‘‘मी म्हटलं, तुम्ही पुरं केलं असेल.’’

‘‘सही तुमची हाय न्हवं?’’

‘‘माझीच आहे. काम कुणाचं आहे?’’

आम्ही एवढ्या मोठ्यानं बोलत होतो की मामी दारात आल्या आणि काही न विचारता आत गेल्या. मी तिथूनच मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘टॅक काय लेचेपेचे न्हाईत मामाचे. आन् चाचे काय रोज येत्यात व्हय? गप ऱ्हावा. एकदा का कळलं, तर पुन्यांदा कोन दार बी देनार न्हाई आपल्याला.’’

‘‘मग तुम्ही जाऊन बसा त्या दारामागं,’’ मी म्हटलं. ‘‘मी बाहेरून घण घालते. टिकलं तर नाही कळवत.’’

मालकांशी असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ. नोकरी जाईल ही भीती होती, पण रागही तेवढाच होता, आणि खरं सांगायचं तर तो सगळा माझ्यावरचा होता, मालकांच्या वाट्याला नुसताच गेला. ते शेवटी म्हणाले, ‘‘कळवा. कंपनीला नगं, त्या अधिकाऱ्यालाच.’’

मी चीफ ऑफिसरला दोन्ही फोटो पाठवले आणि खाली लिहिलं. तिसऱ्या दाराच्या बिजागऱ्या कच्च्या आहेत, चूक माझी आहे. मेसेजवर एकच खूण. समुद्रात जहाजाला इंटरनेट असतं, पण कधी असतं आणि कधी नसतं. दुपारभर मी ती खूण बघत बसले. जहाज त्या टापूत आधीच शिरलं असेल का, हेही मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला फोन आला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

‘‘ताई, मेसेज बघितला.’’ तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘‘उद्या दुपारी आम्ही धोक्याच्या टापूत शिरतोय. पावसाळा सरलाय, समुद्र शांत आहे, म्हणजे छोट्या होड्या बाहेर पडणार. माझ्याकडे फिटर एकच आहे. तिसरं दार तो रंग खरवडून आज वेल्ड करेल. पण तारेची अर्धी भेंडोळी अजून बांधायची आहेत आणि त्यांच्या टेकूचे लोखंडी दांडे वेल्ड करायलाही तोच लागणार. तेव्हा मला नीट सांगा. बाकीची दोन दारं खरवडून बघू, की तार पुरी करू?’’

त्या क्षणी मला दुसऱ्या दाराचं ते खालचं घर आठवलं. चार टॅक. मामांचं ‘जेवून येतो’. झेंडूची पोती. नंतर लाल रंगाखाली मी ते पुन्हा पाहिलं नव्हतं. हे सगळं एका श्वासात आठवलं आणि तरी मी म्हणाले, ‘‘बाकीची दोन्ही पक्की आहेत. तार पुरी करा.’’

का म्हणाले? एक चूक कबूल केली की माणसाला वाटतं आपण फार प्रामाणिक आहोत. दुसरी कबूल करायला तोंडच उघडत नाही. मला त्या माणसापुढं अजून लहान व्हायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण होतं.

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

जेवताना मी मामांना विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून. ‘‘दुसऱ्या दाराचं खालचं घर. नवमीच्या आदल्या दिवशी पुरं केलं होतं ना तुम्ही?’’

मामांनी घास तसाच हातात धरला. माझ्याकडे बघितलं. ‘‘केलंय,’’ ते म्हणाले. ‘‘जेवून आलो नि केलं. माझ्या हातानं.’’

माझा जीव भांड्यात पडला. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. पुन्हा मेसेज करायची गरज उरली नव्हती. दोन दिवसांनी निरोप आला की तिसरं दार झालं, तारही झाली, सगळं ठीक.

गुरुवारी सकाळी साडेदहाला शेडमध्ये मालकांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर आले आणि मला हात केला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. फोनवर जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातला माणूस होता. मला म्हणाला, ‘‘जहाजावर माणसं चढलीत. पहिली होडी पाण्याच्या लोटानं मागं हटली. दुसरीतल्यांनी तारेवर जाड गाद्या टाकल्या आणि वर आले. आमचे एकवीसच्या एकवीस आत आहेत. दारावर ठोकणं सुरू आहे. युद्धनौका पाच तासांवर आहे. मला एवढंच सांगा, तुमचं दार किती वेळ टिकेल?’’

‘‘कुठल्या दारावर?’’ मी विचारलं.

तो कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, ‘‘डेकवरून खाली जिन्यानं उतरल्यावर जे लागतं ते. दुसरं.’’

मामा समोर टाकीच्या बुडाशी बसले होते, वेल्डिंगची काच वर करून माझ्याकडे बघत. मी त्यांच्याकडे बघत म्हटलं, ‘‘टिकेल.’’

‘‘पाच तास?’’

‘‘टिकेल.’’

त्यानंतरचे तास मला घड्याळानं आठवत नाहीत, आवाजानं आठवतात. शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकला की मी दचकायची. शेवटी मालकांनीच सगळं काम बंद करायला लावलं. असं ते एरवी फक्त खंडेनवमीला करतात. माणसं शेडबाहेर लिंबाखाली बसली, कुणी डबे उघडले नाहीत. बाहेरच्या रस्त्यानं पौडकडं जाणाऱ्या बस नेहमीसारख्या हॉर्न देत होत्या, आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता.

मी आतल्या आत हिशेब मांडत होते. घणाचा मार वर बसला तर वरचे दोन अडसर घेतील. खाली बसला तर? खालचं घर वेल्ड असेल तर काही होणार नाही. टॅकवर असेल तर दहाव्या-बाराव्या घावाला उडेल, मग दाराखाली पहार घालता येईल, आणि पहार घुसली की पाच तास काय, एक तासही नको. मी मामांजवळ गेले. ‘‘मामा, परत एकदा सांगा. केलंय ना?’’

‘‘केलंय म्हटलं न्हवं,’’ ते खेकसले. आठ वर्षांत माझ्यावर ते कधी खेकसले नव्हते. मग दूर जाऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

दीडला फोन आला. ठोकणं मधे थांबलं होतं, परत सुरू झालंय. मालकांनी फोन ठेवला आणि उगाचच गेट उघडून बंद केलं. अडीचला मी मुंबईच्या माणसाला स्वतः फोन लावला, त्यानं उचलला नाही. मला रडू येत होतं. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि टाकीच्या आड उभी राहून रडले. एकवीस माणसांत मी ओळखत होते एकालाच, बाकीच्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. पण आतला तो आवाज मला माहीत होता. माझ्यावर फक्त दहा-बारा घाव पडले होते आणि घालणारे आपले मामा होते.

चारला दहा मिनिटं कमी असताना फोन आला. युद्धनौकेचं हेलिकॉप्टर वर आल्याबरोबर ते लोक होड्यांत उड्या टाकून पळाले होते. सगळे सुखरूप. कुणाला ओरखडा नाही. मालक मटकन खुर्चीत बसले. बाहेर माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणायला धावलं. मला नुसतं घरी जायचं होतं.

चीफ ऑफिसरचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा. आवाज बसलेला होता. मी फोन घेऊन बाजूला गेले.

‘‘तुमच्या तिसऱ्या दाराकडे ते फिरकलेच नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या फिटरनं ते केलं, त्याचं त्याला काही कौतुकच मिळालं नाही. सगळा मार दुसऱ्याला. आधी वर. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, खाली मारायला लागले. खालच्या अडसरावर. तासन् तास तिथंच. आम्ही सगळे त्या एका अडसराकडं बघत बसलो होतो. आमचा कुक माझ्या कानाशी म्हणाला, हे तरी पक्कं आहे ना? मी सांगितलं, बनवणाऱ्या बाईंनी स्वतः ग्वाही दिलीय.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘ते घर तसूभर हललं नाही, ताई. आत्ता जाऊन रंग खरवडून बघितलं. चारी बाजूंनी भरीव वेल्ड आहे. ज्यानं केलंय त्याला माझा नमस्कार सांगा.’’

मी फोन ठेवला आणि जवळजवळ पळत मामांकडे गेले. ते शेडच्या मागं एकटेच डबा उघडून बसले होते, जेवत नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. खालचं घर, तासन् तासांचे घाव, चारी बाजूंनी भरीव वेल्ड, नमस्कार. मला वाटलं ते हसतील, निदान म्हणतील की म्हटलं न्हवतं का मी.

मामांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागेना, तरी ते लावत राहिले.

‘‘मला आठवतच न्हवतं,’’ ते म्हणाले.

‘‘काय आठवत नव्हतं?’’

‘‘ते केलं का न्हाई. त्या दिवशी जेवून आलो, पूजेची गडबड, रंगवाला डोक्यावर हुबा. तुमी त्या संध्याकाळी इचारलं तवा मी लई आठवून बघितलं. काय बी डोळ्यांपुढं येईना.’’ त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ‘‘तुमी लई भ्यायल्या व्हत्या. म्हणून म्हटलं, केलंय.’’

माझ्या तोंडाशी शिव्याच आल्या होत्या. हा माणूस काल दिवसभर त्या भिंतीला टेकून उभा होता. मी तोंड उघडलं, आणि त्यांना म्हणण्यासारखं माझ्याकडं काहीच नाही हे मला कळलं. त्यांनी ‘केलंय’ म्हणायच्या आधी, त्यांना विचारायच्याही आधी, मी समुद्रात ‘नक्की’ असं सांगून मोकळी झाले होते. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. आम्हा दोघांतल्या एकालाही जे ठाऊक नव्हतं, त्याच्या भरवशावर एकवीस माणसं आत जाऊन बसली होती.